मतदान संपते, तणाव उरतो : निवडणुकीच्या काळात परदेशी जाण्यापूर्वी

पश्चिम आफ्रिकेतील गांबिया हा चिमुकला देश युरोपातील पर्यटकांचा हिवाळ्यातील आवडता मुक्काम आहे. १ डिसेंबर २०१६ रोजी तेथे राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झाले. बावीस वर्षे सत्तेवर असलेले याह्या जामेह हरले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी दूरचित्रवाणीवरून पराभव मान्यही केला. निवडणूक शांततेत पार पडली, असे जगभर म्हटले गेले. मात्र ९ डिसेंबरला जामेह यांनी शब्द फिरवला आणि निकाल आपल्याला मान्य नसल्याचे जाहीर केले. समुद्रकिनाऱ्यावरील हॉटेलांत तरीही पर्यटक येत राहिले. मग १७ जानेवारी २०१७ रोजी आणीबाणी जाहीर झाली, ब्रिटिश सरकारने आपल्या नागरिकांना अत्यावश्यक कारणाशिवाय तेथे न जाण्याचा सल्ला दिला, आणि थॉमस कुक या ब्रिटिश सहल कंपनीने आपल्या सुमारे १००० पॅकेज पर्यटकांना परत नेण्यासाठी जादा विमाने पाठवली. १९ जानेवारीला विजयी उमेदवार अडामा बॅरो यांना शेजारच्या सेनेगलमध्ये, डाकार येथील गांबियाच्या दूतावासात शपथ घ्यावी लागली. २१ तारखेला जामेह देश सोडून गेले.

पर्यटकांची घाईघाईने पाठवणी झाली ती मतदानानंतर जवळजवळ सात आठवड्यांनी. ‘मतदान होऊन गेले आहे, आता जायला हरकत नाही’ असा हिशेब करून डिसेंबरअखेरीस जे तेथे गेले, त्यांचा हिशेब नेमका येथे चुकला. निवडणुकीच्या काळात परदेशी जाणाऱ्या बहुतेकांचा गैरसमज असाच असतो. आपण मतदानाच्या तारखेला घाबरतो आणि तिच्यानंतरच्या रिकाम्या वाटणाऱ्या दिवसांकडे दुर्लक्ष करतो.

धोका कोणत्या दिवशी असतो?

मतदानाच्या दिवशी साधारणपणे सर्वांनाच आशा असते. बंदोबस्त कडक असतो, निरीक्षक हजर असतात आणि दोन्ही बाजूंना आपण जिंकू असे वाटत असते. ताण वाढतो तो मतमोजणी लांबली, निकालावर आक्षेप आला किंवा हरलेल्याने हार मानली नाही की. म्हणून प्रवासाची तारीख ठरवताना मतदानाचा एकच दिवस न पाहता मतदान, निकालाची घोषणा, न्यायालयातील आव्हान आणि शपथविधी असा सगळा पट्टा पाहावा लागतो. हा पट्टा किती लांब आहे, हे बहुतेक देशांच्या कायद्यात लिहिलेले असते आणि ते शोधणे अवघड नसते.

केनियाचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. तेथील २०१० च्या राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल मतदानानंतर सात दिवसांच्या आत जाहीर करावा लागतो. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जायचे असेल तर आणखी सात दिवसांची मुदत असते, आणि याचिका दाखल झाल्यावर न्यायालयाला चौदा दिवसांत निर्णय द्यावा लागतो. २०२२ मध्ये ९ ऑगस्टला मतदान झाले, १५ ऑगस्टला निकाल लागला, निवडणूक आयोगाच्या सातपैकी चार सदस्यांनी त्याच दिवशी त्या निकालाशी आपला संबंध नाकारला, ५ सप्टेंबरला न्यायालयाने निकाल कायम ठेवला आणि १३ सप्टेंबरला विल्यम रुटो यांचा शपथविधी झाला. सगळे नियमानुसार घडूनही अनिश्चिततेचा काळ पाच आठवड्यांचा होता. २०१७ मध्ये तर न्यायालयाने निवडणूकच रद्द केली आणि ऑगस्टचे मतदान ऑक्टोबरमध्ये पुन्हा घ्यावे लागले.

ही मुदतीची चौकट तेथे उगाच आलेली नाही. २७ डिसेंबर २००७ च्या मतदानानंतर ३० डिसेंबरला निकाल जाहीर झाला आणि त्याच संध्याकाळी सत्तेवर असलेले राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकी यांनी घाईने पुन्हा शपथ घेतली. आव्हानाला जागाच उरली नाही. त्यानंतर उसळलेल्या हिंसाचारात हजाराहून अधिक माणसे मारली गेली, लाखो लोक बेघर झाले, आणि संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने समझोता होण्यास फेब्रुवारी २००८ अखेर उजाडली. हे दोन अनुभव शेजारी ठेवले की एक उपयुक्त खूण हाती लागते. तक्रार ऐकणारे आणि प्रसंगी सत्ताधाऱ्याविरुद्ध निकाल देणारे न्यायालय ज्या देशात आहे, तेथे हरलेल्या पक्षाला रस्त्यावर उतरण्याआधी आणखी एक वाट असते. ज्या देशात ती नाही, तेथे प्रवाशाने अधिक सावध राहावे.

असा ताण फक्त गरीब किंवा नवलोकशाही देशांत असतो, असेही समजू नये. अमेरिकेत ३ नोव्हेंबर २०२० रोजी मतदान झाले आणि ६ जानेवारी २०२१ रोजी जमाव संसदेच्या इमारतीत घुसला. त्या संध्याकाळी सहा वाजल्यापासून राजधानी वॉशिंग्टनमध्ये संचारबंदी लागू झाली. तेथे पर्यटनासाठी गेलेल्या कोणालाही दोन महिन्यांपूर्वीच्या मतदानाची आठवण ठेवण्याचे कारण वाटले नसेल.

तारीखच बदलली तर?

नायजेरियात १६ फेब्रुवारी २०१९ चे मतदान, केंद्रे उघडण्यास जेमतेम पाच तास उरले असताना, एका आठवड्याने पुढे ढकलण्यात आले. सेनेगलमध्ये २५ फेब्रुवारी २०२४ चे मतदान राष्ट्राध्यक्षांनी ३ फेब्रुवारीला लांबणीवर टाकले, त्यावरून निदर्शने झाली, मोबाईल इंटरनेट बंद झाले, घटना परिषदेने, म्हणजे राज्यघटनेबाबत निवाडा करणाऱ्या संस्थेने, हा निर्णय रद्द ठरवला आणि अखेर २४ मार्चला मतदान झाले. निवडणूक टाळून महिनाभर नंतरचे तिकीट काढणारा प्रवासी अशा वेळी नेमका मतदानाच्या आठवड्यातच जाऊन पोहोचतो. म्हणून तणावाच्या निवडणुकीच्या आसपास जायचेच असेल तर तारीख बदलता येणारे तिकीट महाग पडले तरी तेच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मतदानाच्या दिवशी काय काय बंद असते?

येथे फार घाबरण्यासारखे काही नसते, पण माहिती नसेल तर दिवस वाया जातो. बोलिव्हियात मतदानाच्या दिवशी परवान्याशिवाय वाहन रस्त्यावर आणता येत नाही. नायजेरियातही त्या दिवशी वाहतुकीवर निर्बंध असतात, आणि २०२३ च्या निवडणुकीत तेथे जमिनीवरील सीमाही बंद ठेवल्या होत्या. थायलंडमध्ये आदल्या संध्याकाळी सहापासून मतदानाच्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत मद्यविक्रीस मनाई असते आणि ती परदेशी पाहुण्यांनाही लागू असते. शहराबाहेरचा मुक्काम त्या दिवशी संपत असेल आणि त्याच दिवशी विमान असेल, तर ही माहिती आधी मिळवलेली बरी. विमान वेळेवर निघते आणि प्रवासी मात्र दुसऱ्या गावी अडकून पडतो.

इंटरनेट बंद होणे म्हणजे नेमके काय बंद होणे?

माझ्या मते आजच्या प्रवाशाला सर्वाधिक ग्रासणारी गोष्ट हीच आहे, आणि तिचा विचार सर्वांत कमी केला जातो. युगांडात १४ जानेवारी २०२१ च्या मतदानाच्या आदल्या संध्याकाळी देशभरातील इंटरनेट बंद झाले, ते १८ तारखेला परत आले. गॅबनमध्ये २६ ऑगस्ट २०२३ रोजी मतदान संपताच इंटरनेट तोडले गेले आणि रात्रीची संचारबंदी लागली. ३० तारखेच्या पहाटे निकाल जाहीर होताच लष्करी अधिकाऱ्यांनी सत्ता हाती घेतली आणि सीमा बंद केल्या, त्या २ सप्टेंबरला उघडल्या. टांझानियात २९ ऑक्टोबर २०२५ च्या मतदानाच्या दिवशीच इंटरनेट बंद झाले आणि दार-एस-सलाममध्ये संचारबंदी आली.

उंच इमारतीत वीज गेली की आधी फक्त दिव्यांची आठवण होते, आणि पंप बंद असल्याने नळही कोरडा आहे हे तासाभराने कळते. इंटरनेटचे असेच आहे. निरोप आणि बातम्या थांबतील एवढी कल्पना सर्वांना असते. पण हॉटेलचे कार्डयंत्र चालत नाही, टॅक्सी बोलावता येत नाही, नकाशा उघडत नाही, बँकेचा परवलीचा आकडा येत नाही, तिकीट ईमेलमध्ये अडकून राहते, आणि विमान रद्द झाले हे सांगणारा निरोपही पोहोचत नाही. खिशात पैसे असूनही ते खर्च करता येत नाहीत, ही अवस्था अनुभवल्याशिवाय पटत नाही.

उपाय मात्र जुने आणि सोपे आहेत. चार-पाच दिवस पुरेल एवढी रोख रक्कम स्थानिक चलनात आणि थोडी मोठ्या परकी चलनात जवळ ठेवावी. तिकीट, व्हिसा, विम्याची पॉलिसी, हॉटेलचा आणि दूतावासाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक कागदावर छापून घ्यावेत. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावा. घरच्यांशी बोलण्याची वेळ ठरवताना ‘दोन दिवस फोन आला नाही तर घाबरू नका, तिसऱ्या दिवशी अमुक ठिकाणी विचारा’ असे सांगून ठेवावे, कारण इंटरनेट बंद झाल्यावर सर्वाधिक हाल घरच्यांच्या मनाचे होतात. रोमिंग असलेल्या सिमचा उपयोग मर्यादित असतो. रोमिंगचा डेटा बहुधा आपल्या मूळ कंपनीच्या जाळ्यातून जातो, त्यामुळे केवळ ठरावीक अ‍ॅप रोखले असेल तर तो मार्ग चालू राहू शकतो, पण मोबाईल डेटाच बंद केला असेल तर तोही थांबतो.

बातम्यांत दिसणारा रस्ता आणि आपला रस्ता

जॉर्जियात २६ ऑक्टोबर २०२४ रोजी संसदेची निवडणूक झाली. महिनाभराने, २८ नोव्हेंबरला, पंतप्रधानांनी युरोपीय संघातील प्रवेशाची बोलणी २०२८ अखेरपर्यंत लांबणीवर टाकल्याचे जाहीर केले आणि राजधानी तिबिलिसीतील रुस्तावेली मार्गावर, संसदेसमोर, रात्रीमागून रात्री निदर्शने सुरू झाली. जगभरच्या पडद्यांवर तोच एक मार्ग दिसत होता. अशा प्रसंगी संपूर्ण देश पेटला आहे असे दुरून वाटते, पण प्रत्यक्षात अशांतता बहुधा ठरावीक चौकांत, विद्यापीठांजवळ, सरकारी इमारतींपुढे आणि विरोधी पक्षाच्या बालेकिल्ल्यांत एकवटलेली असते.

तरीही एवढ्यावर निर्धास्त होऊ नये, कारण प्रवासी शहराच्या एका कोपऱ्यात राहत असला तरी त्याची सुटकेची वाट एकच असू शकते. मोझांबिकमध्ये ९ ऑक्टोबर २०२४ च्या मतदानानंतर निदर्शने पेटली, तेव्हा दक्षिण आफ्रिकेने नोव्हेंबरमध्ये लेबोम्बो येथील सीमानाका बंद केला. जोहान्सबर्गहून मोझांबिकची राजधानी मापुतो येथे जाणारा मुख्य रस्ता याच नाक्यावरून जातो. समुद्रकाठच्या शांत गावात राहणाऱ्या पर्यटकापर्यंत निदर्शनाची घोषणा पोहोचली नसेल, पण त्याची घरी जायची वाट बंद झाली. म्हणून हॉटेल निवडताना ते संसद, निवडणूक आयोग आणि पक्षकार्यालये यांच्यापासून किती दूर आहे हे जसे पाहतो, तसेच तेथून विमानतळाकडे जाणारा रस्ता कोणत्या वस्तीतून जातो हेही पाहावे. शेवटच्या रात्रीचा मुक्काम विमानतळाजवळ ठेवला तर अर्धी चिंता मिटते.

सरकारी सल्ला कसा वाचावा?

अनेक देशांची परराष्ट्र खाती आपल्या नागरिकांसाठी प्रवास सल्ला प्रसिद्ध करतात, म्हणजे कोणत्या देशात वा भागात किती धोका आहे याचा अधिकृत अंदाज. अमेरिका जानेवारी २०१८ पासून चार पातळ्या वापरते. त्या नेहमीच्या दक्षतेपासून सुरू होतात आणि ‘जाऊ नका’ येथे संपतात. ब्रिटन प्रामुख्याने दोन इशारे देते, एक अत्यावश्यक कारणाशिवाय न जाण्याचा आणि दुसरा मुळीच न जाण्याचा, आणि नकाशावर ते भाग रंगवून दाखवते. संपूर्ण देशाची पातळी पाहून थांबू नये, आपण जाणार त्या जिल्ह्याबद्दल काय म्हटले आहे ते वाचावे. शिवाय एकाच देशाचा सल्ला न पाहता दोन-तीन देशांचे सल्ले पडताळावेत. ते सर्व एकाच दिशेने कडक होत असतील तर ती गंभीर खूण आहे. आपल्या स्वतःच्या सरकारचा सल्ला मात्र सर्वांत महत्त्वाचा, कारण त्याचा संबंध थेट विम्याशी येतो.

विमा काढला आहे, मग काळजी कशाला?

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो, आणि निराशाही येथेच सर्वांत जास्त पदरी पडते. विम्याचा पाया अनपेक्षित घटनेवर उभा असतो. जी घटना पॉलिसी घेतेवेळी जाहीरपणे माहीत होती, तिला विमा कंपन्या ‘ज्ञात घटना’ मानतात आणि तिच्यातून झालेल्या नुकसानीचा दावा सहसा फेटाळतात. निदर्शने सुरू झाल्याच्या बातम्या वाचून त्या रात्री काढलेला विमा म्हणूनच फारसा उपयोगी पडत नाही. दुसरे असे की युद्ध, दंगल, बंड यांतून झालेले नुकसान अनेक पॉलिसींत आधीच वगळलेले असते, निदान त्यावर अटी तरी असतात. तिसरे, आपल्या सरकारने न जाण्याचा सल्ला दिला असताना गेल्यास पुष्कळ पॉलिसी लागूच होत नाहीत, आणि मग पाय मोडला तरी त्याचा खर्च स्वतःच्या खिशातून येऊ शकतो. ‘भीती वाटली म्हणून बेत रद्द केला’ हे कारण साध्या पॉलिसीत बसत नाही. पॉलिसीतील वगळलेल्या गोष्टींचे पान आणि प्रवास अर्धवट सोडून परतण्याबाबतचे कलम, एवढे दोन भाग तरी पैसे भरण्यापूर्वी शब्दशः वाचावेत.

विमान रद्द झाल्यास काय मिळते, हे देशागणिक बदलते. युरोपीय संघातून निघणाऱ्या विमानांना लागू असलेल्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार राजकीय अस्थैर्य ही असाधारण परिस्थिती ठरू शकते आणि मग रोख भरपाई मिळत नाही. मात्र तिकिटाचे पैसे परत किंवा दुसऱ्या मार्गाने प्रवास यांपैकी एक, आणि थांबून राहावे लागल्यास जेवण व निवास, ही जबाबदारी कंपनीवर राहतेच. युरोपीय नियमांखाली घेतलेल्या पॅकेज सहलींना आणखी संरक्षण आहे. गंतव्यस्थानी टाळता न येणारी असाधारण परिस्थिती उद्भवल्यास प्रवासी दंड न भरता सहल रद्द करू शकतो. सुटे तिकीट आणि सुटे हॉटेल स्वस्त पडते खरे, पण अशा काळात दोहोंच्या संरक्षणातील फरक फार मोठा ठरतो.

दूतावास आहेच की!

वाणिज्य दूतावास, म्हणजे परदेशात आपल्या नागरिकांना मदत करणारे कार्यालय, हरवलेल्या पासपोर्टऐवजी प्रवासाची कागदपत्रे देऊ शकते, कुटुंबाला कळवू शकते, वकिलांची यादी देऊ शकते. १९६३ च्या व्हिएन्ना करारातील छत्तिसाव्या कलमानुसार अटक झालेल्या परदेशी व्यक्तीला आपल्या दूतावासाशी संपर्क साधण्याचा हक्क असतो. तो हक्क लक्षात ठेवावा आणि मागावा. पण दूतावास कोणाला तुरुंगातून सोडवत नाही आणि दुसऱ्या देशाच्या संचारबंदीतून वाट काढून देत नाही.

शिवाय तो तेथे राहीलच याचीही खात्री नसते. व्हेनेझुएलात २८ जुलै २०२४ च्या निवडणुकीनंतर सरकारने निकालावर शंका घेणाऱ्या सात लॅटिन अमेरिकी देशांच्या राजनैतिक अधिकाऱ्यांना परत जाण्यास सांगितले. अर्जेंटिनाच्या दूतावासाची देखभाल ब्राझीलला करावी लागली. त्याच सुमारास पनामा आणि डोमिनिकन रिपब्लिककडे जाणारी व्यापारी विमानसेवा थांबवण्यात आली. पनामा हे त्या भागातील मोठे विमानबदलाचे ठिकाण असल्याने ज्यांचा पनामाशी काहीही संबंध नव्हता त्यांचीही तिकिटे निकामी झाली. म्हणून परतीचा मार्ग आखताना दोन वेगवेगळ्या देशांतून जाणारे पर्याय कागदावर लिहून ठेवावेत, आणि आपल्या दूतावासाकडे प्रवासाची नोंद करण्याची सोय असल्यास ती निघण्यापूर्वीच वापरावी.

परक्या माणसाला कोण कशाला त्रास देईल?

बहुतेक वेळा कोणीही देत नाही, आणि तेथील सामान्य माणसे पाहुण्याची उलट जास्त काळजी घेतात. अडचण येते ती प्रवासी कुतूहलाने जवळ गेल्यावर. बेलारूसमध्ये ९ ऑगस्ट २०२० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या मतदानानंतरच्या अवघ्या काही दिवसांत सुमारे सात हजार लोकांना ताब्यात घेण्यात आले आणि त्यांत परदेशी नागरिकही होते. धरपकड सुरू झाली की कोण निदर्शक आणि कोण बघ्या, हे कोणी विचारत नाही. पर्यटक व्हिसावर राजकीय मोर्चात सामील होणे अनेक देशांत व्हिसाच्या अटींचा भंग ठरते. मतदान केंद्र, पोलीस आणि लष्कर यांची छायाचित्रे काढू नयेत, पक्षाच्या रंगाचे कपडे टाळावेत, आणि समाजमाध्यमांवर त्या देशाच्या राजकारणाबद्दल मुक्कामात असताना लिहू नये. काही देशांत त्याचे परिणाम, आपण निघून गेल्यावर, आपल्याशी बोलणाऱ्या वाटाड्याला किंवा चालकाला भोगावे लागतात. माझ्या लेखी हे कारण आपल्या सुरक्षिततेपेक्षाही मोठे आहे.

मग जाऊच नये का?

असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुष्कळ चुरशीच्या निवडणुका शांतपणे पार पडतात, केनियातील २०२२ ची अटीतटीची लढतही शेवटी न्यायालयातच मिटली. दूरवरच्या बातम्यांमुळे सगळ्यांनीच बेत रद्द केले तर त्याची किंमत हॉटेलातील कामगार, चालक आणि वाटाडे मोजतात. जायचे की नाही हे ठरवताना मी तीन गोष्टी तोलतो : मतदानापासून शपथविधीपर्यंतच्या पट्ट्यात माझे किती दिवस येतात, बेत बदलल्यास किती पैसे बुडतील, आणि चार दिवस अडकून पडलो तर माझ्या औषधांचे, नोकरीचे किंवा घरातील आजारी माणसाचे काय होईल. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अडचणीचे असेल तर पहिल्या दोहोंची उत्तरे कितीही चांगली असली तरी तारीख पुढे ढकलावी. लहान मुले, गर्भवती आणि नियमित उपचार घेणारे यांच्याबाबतीत तर हा निर्णय आणखी लवकर घ्यावा, कारण परिस्थिती बिघडल्यावर तिकिटे मिळणे सर्वांत आधी अवघड होते.

आपण तेथे असताना परिस्थिती बिघडली तर

पहिली ऊर्मी विमानतळाकडे धावण्याची असते आणि बहुधा तीच चुकीची ठरते. हातात निश्चित झालेले तिकीट नसेल आणि रस्ता मोकळा असल्याची खात्री नसेल तर आहात तेथेच थांबावे, पाणी, कोरडे खाणे आणि औषधे जवळ करावीत, फोन भरून ठेवावा आणि हॉटेलच्या स्थानिक कर्मचाऱ्यांना विचारावे, कारण कोणता चौक आज बंद आहे हे परदेशी वाहिनीपेक्षा त्यांना आधी कळते. संचारबंदी लागली म्हणजे प्रवास पूर्ण थांबला असेही नसते. थायलंडमध्ये २२ मे २०१४ च्या लष्करी उठावानंतर रात्री दहा ते पहाटे पाच अशी संचारबंदी आली, तेव्हा विमानतळाकडे जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवाशांना तीतून सूट होती, पण त्यासाठी पासपोर्ट आणि तिकीट दाखवावे लागे. अशा रात्री नाक्यावरील शिपायाला फोनचा पडदा दाखवून भागत नाही. छापील तिकीट वरच्या खिशात असावे, गाडीतील दिवा लावलेला असावा, हात दिसत राहावेत, आणि चालकाला बोलू द्यावे.